कॅम्पचा बोअर: पाणी लागणं वेगळं, पुरणं वेगळं

भंडारदऱ्याच्या परिसरात काजव्यांचा हंगाम मे महिन्याच्या अखेरीस सुरू होतो आणि पाऊस स्थिरावेपर्यंत चालतो. शनिवारी संध्याकाळी पुण्या-मुंबईच्या आणि नाशिकच्या गाड्यांची रांग लागते, एकेका कॅम्पवर ऐंशी-शंभर माणसं उतरतात. नेमक्या त्याच पंधरवड्यात तिथल्या जमिनीतलं पाणी वर्षातल्या सगळ्यात खालच्या पातळीला गेलेलं असतं. वर्षातली मोठी गर्दी आणि वर्षातलं कमीत कमी पाणी एकाच आठवड्यात येतं, असा हा धंदा आहे.

माझ्या परिचयातल्या एकाने दिवाळीनंतर कॅम्पच्या जागेत बोअर मारला. १८० फुटांवर पाणी लागलं. गाडीवाला म्हणाला, ‘तीन इंची आहे, शेठ.’ नारळ फुटला, पेढे वाटले गेले. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मोटर वीस मिनिटं पाणी देऊन हवा ओकायला लागली, आणि काजव्यांचा सगळा हंगाम टँकरवर काढावा लागला. यात गाडीवाला खोटं बोलला नव्हता. त्या दिवशी त्या भोकातून तेवढं पाणी खरंच उसळत होतं. फक्त त्यानंतर कोणी काही मोजलं नाही. हा लेख त्या न मोजलेल्या गोष्टींबद्दल आहे.

आधी गरज किती ते लिहून काढा

बहुतेक जण ‘भरपूर पाणी हवं’ इथून सुरुवात करतात आणि मग चारशे-पाचशे फूट खोल जातात. त्याऐवजी कागद घ्या. समजा शुक्रवार आणि शनिवार अशा दोन रात्री ८० पाहुणे आणि १० कामाची माणसं आहेत. पिणं आणि स्वयंपाक, भांडी, शौचालय, एकेक बादली आंघोळ असं धरून माणशी ७० लिटर पुरतात. (शॉवर लावलेत तर हा आकडा विसरा.) गर्दीच्या दिवशी ६,३०० लिटर, बाकीच्या पाच दिवशी फक्त कामाच्या माणसांचे ७०० लिटर. आठवड्याची बेरीज १६,१०० लिटर होते, म्हणजे रोजचे सरासरी २,३०० लिटर.

तासाला ५०० लिटर देणारा बोअर, ज्याच्याकडे गावात कोणी ढुंकून पाहणार नाही, तो रोज पाच तास चालला तरी हा कॅम्प चालतो. अट एकच. आठवड्याच्या मधल्या दिवसांत साठवायला टाकी हवी. हिशेबाने आठ हजार लिटरची टाकी पुरते, पण मोटर बिघडणार, वीज जाणार, म्हणून पंधरा-वीस हजार लिटर धरा. घर किंवा शेत यांच्यापेक्षा कॅम्पचं हेच वेगळेपण आहे. इथे धारेपेक्षा साठा महत्त्वाचा. पैसे मर्यादित असतील तर जास्तीच्या दोनशे फुटांवर घालण्याऐवजी टाकीवर घाला, असं मी बिनदिक्कत सांगेन.

‘इंची’ पाण्याचा हिशेबही इथेच समजून घ्या. गाडीवाले ज्याला एक इंच, दोन इंच म्हणतात ती काटकोनी खाचेच्या पत्र्यावरून वाहणाऱ्या पाण्याची उंची असते. मात्र उंची दुप्पट झाली म्हणून पाणी दुप्पट होत नाही, साडेपाच पटींहून जास्त होतं. एक इंच म्हणजे तासाला साधारण ५०० लिटर, दोन इंच म्हणजे २,९०० आणि तीन इंच म्हणजे ८,००० च्या आसपास. त्यामुळे ‘दीड-दोन इंच असेल’ या अंदाजात दुपटीची चूक सहज लपते. शिवाय बऱ्याच ठिकाणी पत्रा लावलेलाच नसतो, नजरेनेच इंच ठरतात. पत्रा लावा म्हणून आग्रह धरा. गाडीबरोबर तो असतो, काढायचा कंटाळा असतो एवढंच.

जागा: दगड काय सांगतो

सह्याद्री म्हणजे लाव्ह्याच्या थरांची उतरंड आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक साचलेल्या या थरांनी महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग व्यापला आहे. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट काळा पाषाण, त्यात पाणी राहायला जागा नसते. वरचा भाग मांजऱ्या, म्हणजे वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला. तो झिजून मऊ झाला की पाणी धरतो. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे गेरूसारखी लाल माती असते, ती पाणी खाली जाऊ देत नाही. पाणी मिळतं ते वरच्या मुरमात, मांजऱ्या खडकात आणि काळ्या पाषाणातल्या भेगांत. घाटमाथ्यावर तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडूनही मे महिन्यात वाड्यांवर हंडे का फिरतात, त्याचं उत्तर इथे आहे. उतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि दगडाच्या पोटात जागा थोडी. पावसाळ्यात ती थोडी जागा तुडुंब भरते आणि उरलेलं पाणी धावत नदीला जातं.

कॅम्पसाठी आपण जागा कशी निवडतो? सूर्यास्त दिसावा, दरी दिसावी, वारा यावा. म्हणजे सोंडेवर किंवा कड्याच्या टोकाला. पाण्याच्या दृष्टीने ही सगळ्यात वाईट जागा, कारण तिथलं पाणी दोन्ही बाजूंनी झिरपून गेलेलं असतं. तंबू कड्यावर असू द्या, बोअर खाली ओढ्याच्या अंगाला घ्या. तीनशे मीटर पाइप टाकणं हे कोरड्या बोअरपेक्षा स्वस्त पडतं. ओढा जिथे उगीचच सरळ रेषेत वाहतो किंवा दोन ओढे मिळतात, तिथे खाली भेगांचा पट्टा असण्याची शक्यता चांगली असते. उन्हाळ्यात हिरवं राहणारं उंबराचं झाड दिसलं तर तेही टिपून ठेवा. वराहमिहिराने बृहत्संहितेत ‘दकार्गल’ नावाचा अख्खा अध्याय झाडं आणि वारुळं पाहून भूजल ओळखण्यावर लिहिला आहे, आणि त्यामागचं निरीक्षण टाकाऊ नाही.

पाणाड्याला बोलवायचं का, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. बोलवायचं तर बोलवा, पण तो गावचा असेल तर त्याच्या हातातल्या काडीपेक्षा त्याच्या आठवणीला जास्त महत्त्व द्या. कोणत्या वर्षी कोणाची विहीर आटली, कुठला झरा पाडव्यापर्यंत टिकतो, कोणाचा बोअर फसला, हे त्याला माहीत असतं. त्यानंतर भूशास्त्रज्ञाकडून विद्युत रोधकतेची चाचणी करून घ्या. जमिनीत वीज सोडून खालचे थर ओळखण्याची ही पद्धत आहे. तीही पाणी ‘दाखवत’ नाही, पण घट्ट पाषाण कुठे आणि झिजलेला कुठे हे बऱ्यापैकी सांगते. परिसरातल्या विहिरींच्या पातळ्या मात्र स्वतः मोजा, आणि त्या मे महिन्यात.

आणखी एक. कड्याच्या पोटात, लाल मातीच्या थरावरून एखादा बारमाही झरा निघत असेल तर बोअरच्या आधी त्याचा विचार करा. मे महिन्यात मिनिटाला दोन लिटर देणारा झरा दिवसाला २,८८० लिटर देतो. वर केलेला हिशेब पुन्हा वाचा, त्या कॅम्पची गरज एवढ्यात भागते. पण तो झरा वाडीचा असेल, गुरांचा असेल, तर त्याला हात लावू नका.

कागदपत्रं

सातबारा, बिगरशेती परवाना, वन खात्याची किंवा अभयारण्याची हद्द या गोष्टी कॅम्प उभारतानाच तपासल्या असतील असं धरतो. पाण्यासाठी लागू होणारा कायदा म्हणजे महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९. तो १ जून २०१४ पासून अमलात आहे. त्यातल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येत नाही. आणि ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा खोल विहिरींवर कायद्याची वेगळी नजर आहे. कॅम्प हा व्यावसायिक वापर असल्याने जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या. ही यंत्रणा वर्षातून चारदा निरीक्षण विहिरींच्या पातळ्या मोजते. तुमच्या पाणलोटातले जुने आकडे तिथेच मागा. गोव्यात जागा असेल तर तिथला २००२ चा भूजल कायदा लागतो आणि परवानगीशिवाय काम सुरू करता येत नाही.

ग्रामपंचायतीला पत्र द्या आणि गावातल्या विहिरीची पातळी पोलिस पाटलांच्या किंवा सरपंचांच्या समोर मोजून ठेवा. पुढे कधी ‘तुमच्या बोअरमुळे आमची विहीर आटली’ असं निघालं, तर तो कागद तुमचाही साक्षीदार असतो आणि गावाचाही.

गाडी येते तो दिवस

बोअरच्या गाड्या बहुतेक तमिळनाडूतल्या. नामक्कल जिल्ह्यातलं तिरुचेंगोडे हे गाव या धंद्याचं माहेर आहे. एक यंत्राची गाडी, दुसरी कॉम्प्रेसर आणि रॉडची. दोन्ही अवजड. तुमच्या रस्त्यावरची मोरी, भातखाचराचे बांध, वरून गेलेली विजेची तार हे सगळं आधी चालत जाऊन पाहा. जागा उन्हाळ्यात कडक असते तेव्हाच गाडी आत जाते, हे बोअर एप्रिल-मेमध्ये घेण्याचं एक कारण. खरं कारण मात्र सरळ आहे. मेमध्ये लागलेलं पाणी बारमाही असण्याची शक्यता जास्त. नोव्हेंबरात सगळेच बोअर यशस्वी असतात.

गाडीवाल्याला पैसे फुटावर मिळतात, हे विसरू नका. त्यामुळे ‘अजून दोन रॉड टाकून बघू’ हा सल्ला फुकट नसतो. आपल्या या कातळात खोल जावं तशा भेगा मिटत जातात. शंभर-दीडशे फुटांत ओलावाही दिसला नाही, तर पुढे चारशेपर्यंत जाऊन गंगा लागल्याच्या कथा ऐकायला मिळतात, पण त्या ऐकायला मिळतात याचं कारण त्या दुर्मीळ आहेत. कुठे थांबायचं ते काम सुरू होण्याआधी ठरवा आणि भाव, केसिंगचा दर, तीनशे फुटांनंतरचा दर हे सगळं लिहून घ्या. रात्री अकरा वाजता धुरळ्यात उभं राहून घेतलेले निर्णय महाग पडतात.

मग एक माणूस वही घेऊन बसवा. कॅम्पवरचा एखादा कॉलेजचा मुलगा चालेल. प्रत्येक रॉडला तीन नोंदी: तो रॉड आत जायला किती मिनिटं लागली, बाहेर येणारा भुगा कसा आहे, पाणी किती. दर दहा फुटांचा मूठभर भुगा पिशवीत भरून वर फूट लिहा. राखेसारखी बारीक काळी पूड म्हणजे घट्ट पाषाण. पांढरे-हिरवे कण दिसले तर मांजऱ्या खडक, ज्याच्या पोकळ्यांत खनिजं भरलेली आहेत. लाल चिखल आला तर सावध व्हा. हा थर पाण्याने फुगतो, ढासळतो, आणि पुढे मोटर अडकण्याचं ते कारण ठरतं. रॉड अचानक सहज खाली गेला तर तिथे भेग आहे. तिची खोली ठळक लिहा, चाचणीत ती लागणार आहे.

केसिंगमध्ये काटकसर करू नका, आणि गाडीवाल्यालाही करू देऊ नका. वरचा मुरूम संपून पक्का कातळ लागला की त्यात केसिंग दोन-तीन फूट रुतवायचं असतं, आणि केसिंगच्या बाहेरची फट सिमेंटच्या रबड्याने बुजवायची असते. ही बुजवणी सांगितल्याशिवाय होत नाही. ती केली नाही तर पहिल्या पावसात वरचं गढूळ पाणी, शेण, शौचालयाचा पाझर सरळ बोअरमध्ये उतरतो. केसिंग जमिनीच्या वर दीड-दोन फूट ठेवा. शौचालयाच्या टाकीपासून बोअर किमान ३० मीटर दूर आणि उताराच्या वरच्या अंगाला असावा. भेगांच्या कातळात घाण मातीसारखी गाळली जात नाही, म्हणून जमेल तितकं अंतर जास्त ठेवा.

खरी परीक्षा: उपसा चाचणी

गाडी निघून गेली, पाणी लागलंय. आता ज्या कामासाठी बहुतेकांकडे ना उत्साह उरतो ना पैसे, ते काम सुरू होतं. साडेसहा इंची बोअरमध्ये दर मीटरला साधारण २१ लिटर पाणी नुसतं उभं असतं. ६० मीटर खोल बोअर आणि पाणी ८ मीटरवर, म्हणजे १,१०० लिटरचा साठा. कॉम्प्रेसरने तो साठा अर्धा-पाऊण तास उडवला की पाहणाऱ्याला वाटतं पाण्याला तोटा नाही. माझ्या परिचितांचंही तेच झालं. बोअर हा हंडा आहे. हंड्यात किती आहे यापेक्षा नळाची धार किती ते शोधायचं.

त्यासाठी सामान फार लागत नाही. भाड्याची एक अश्वशक्तीची सबमर्सिबल मोटर, जनरेटर, बाहेर येणाऱ्या पाइपवर गेट व्हॉल्व्ह, २० लिटरची बादली, मोबाइलमधलं घड्याळ आणि पाणी लागताच आवाज करणारा पातळीमापक टेप. टेप मोटरच्या केबलमध्ये अडकू नये म्हणून बोअरमध्ये पाऊण इंची पीव्हीसी पाइप सोडा आणि त्यातून मोजा. तो पाइप कायमचा राहू द्या. उपसलेलं पाणी शंभर मीटर लांब, उताराच्या खाली सोडा. बोअरच्याच पायाशी सोडलं तर ते मुरमातून परत आत जातं आणि चाचणी तुम्हाला फसवते.

गाडी गेल्यावर एक-दोन दिवस बोअर शांत ठेवा. मग सकाळी पातळी मोजा. ही स्थिर पातळी. समजा ती ८ मीटर आहे आणि मुख्य भेग ३० मीटरवर लागली होती.

पहिल्या दिवशी टप्प्यांची चाचणी. व्हॉल्व्ह आवळून मिनिटाला १० लिटर सोडा, तासभर. पातळी १२ मीटरवर येऊन थबकली. मग २० लिटर, तासभर. १९ मीटरवर थबकली. मग ३० लिटर. ३४ मीटरच्या खाली गेली आणि थांबेना. बोअरने तुम्हाला उत्तर दिलं. मिनिटाला ३० लिटर त्याच्या आवाक्याबाहेरचे आहेत, आणि भेग उघडी पडली की पातळी कोसळते.

एक रात्र विश्रांती देऊन, पातळी पुन्हा आठच्या आसपास आली याची खात्री करून, मिनिटाला २० लिटर या एकाच वेगाने सलग २४ तास उपसा करा. बादली ६० सेकंदांत भरली पाहिजे. पातळी खाली जाते तशी धार कमी होते, म्हणून दर अर्ध्या तासाला बादली लावून व्हॉल्व्ह जुळवत राहा. पातळीच्या नोंदी पहिली दहा मिनिटं दर मिनिटाला, तासभर दर पाच मिनिटांनी, मग अर्ध्या तासाने, मग तासाने. पहिल्या तासाच्या आकड्यांवर फार विसंबू नका, त्यात हंड्यातलंच पाणी असतं. शेवटचे सहा तास महत्त्वाचे. पातळी तिथे जवळजवळ सपाट राहिली तर उत्तम. ती सुरुवातीपेक्षा जास्त वेगाने उतरायला लागली, तर समजा की भेगांचं जाळं छोटं आहे आणि तुम्ही त्याच्या भिंतीपर्यंत पोचलात. हे सहा-आठ तासांच्या चाचणीत दिसत नाही. म्हणून ‘बारा तासांत उरकू’ म्हणणाऱ्याला मी नकार देतो. पहाटे तीन वाजता टेप धरून बसायचा कंटाळा येतो, हे मान्य आहे. चहाची सोय करा.

मोटर बंद केल्यावर घरी जाऊ नका. आता पाणी वर कसं येतं ते तसंच मिनिटामिनिटाने मोजायचं. माझ्या मते हा चाचणीचा सगळ्यात प्रामाणिक भाग आहे, कारण यात मोटर, व्हॉल्व्ह, बादली कशाचीच चूक शिरत नाही. बारा तासांत पातळी आठ-साडेआठ मीटरपर्यंत आली तर साठा बरा आहे. दुसऱ्या दिवशीही ती अकरा-बारा मीटरवरच रेंगाळली, तर तुम्ही जे उपसलं ते परत भरलेलं नाही. तो बोअर म्हणजे मुदत ठेव मोडून खाण्यासारखा आहे, काही आठवडे चालेल.

चाचणी २० लिटरवर टिकली म्हणून रोज २० लिटरने उपसू नका. १५ लिटर धरा. सहा तास चालवलं तर ५,४०० लिटर होतात. हा हिशेब ज्या महिन्यात चाचणी केली त्या महिन्याचा. नोव्हेंबरात ८ मीटरवर असलेली पातळी मेमध्ये १६ मीटरवर गेली, तर भेगेपर्यंत हाताशी २२ मीटरऐवजी १४ मीटर उरतात. म्हणजे क्षमता दोन तृतीयांशाच्याही खाली, आणि वरच्या मुरमातला पाझर आटलेला असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमी. बोअर हिवाळ्यात घ्यावाच लागला, तर मे महिन्यात चाचणी पुन्हा करा, आणि ती होईपर्यंत काजव्यांच्या हंगामाचं बुकिंग टँकरचा खर्च धरून घ्या.

पाणी पिण्याजोगं आहे का

चोवीस तासांचा उपसा संपत आला की नमुना घ्यायची योग्य वेळ असते. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ कॅन, जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेनेच दिलेली निर्जंतुक बाटली. ती बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवा. दुर्गम जागेची खरी अडचण इथे आहे. प्रयोगशाळेची वेळ आधी विचारून मगच उपसा कधी संपवायचा ते ठरवा. मोजपट्टी आय. एस. १०५०० या भारतीय मानकाची. १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय एकही नको. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत. फ्लोराइड १ च्या आत, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. विरघळलेले क्षार ५०० पर्यंत चांगले. नायट्रेट वाढलेलं दिसलं तर वरच्या अंगाला कुठलं तरी शौचालय, गोठा किंवा खताचा ढीग आहे असं समजून शोधा. आपल्या काळ्या दगडातलं पाणी बहुधा जड असतं. त्याने चहावर साय येते आणि गिझर खराब होतो, जिवाला धोका नसतो. कोकणात जांभ्यातलं पाणी त्याच्या उलट, किंचित आम्लधर्मी असतं आणि लोखंडी केसिंग खातं. तिथे पीव्हीसीच वापरा.

मोटर बसवल्यावर बोअर एकदा निर्जंतुक करा. वरच्या उदाहरणातल्या १,१०० लिटरसाठी ताज्या टीसीएल पावडरची दीड-दोनशे ग्रॅमची निवळी पुरते. ती ओतून, पाणी घुसळून रात्रभर ठेवा, सकाळी वास जाईपर्यंत उपसून ओढ्यापासून दूर टाका. जंतूंचा दुसरा नमुना मात्र त्यानंतर आठवड्याने द्या. दुसऱ्याच दिवशी दिलात तर क्लोरिनमुळे अहवाल छान येईल आणि त्याचा उपयोग शून्य. आणखी एक नमुना जुलैमध्ये, पहिल्या मोठ्या पावसानंतर घ्या. केसिंगची बुजवणी नीट झाली की नाही ते तेव्हा कळतं. टाकीतल्या पाण्यात रोज क्लोरिन आहे का ते ओटी चाचणीने पाहावं. गावच्या जलसुरक्षकाकडून ती शिकायला पाच मिनिटं लागतात.

मोटर, टाकी, पाऊस

मोटर बोअरच्या तळाला टेकवू नका, चार-पाच मीटर वर टांगा, कारण गाळ तळाशी बसतो. पाणी संपल्यावर आपोआप बंद पडणारं संरक्षण पॅनेलमध्ये बसवाच. कॅम्पवर मोटर सुरू करून विसरणारा माणूस दर आठवड्याला बदलतो. वीज नसलेल्या जागी सौरपंप उत्तम. तो दिवसभर हळूहळू ओढतो, आणि मंद पाझराच्या बोअरला तीच चाल मानवते.

पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडून पुनर्भरण करा, असं सगळे सांगतात. घाटमाथ्यावर मला ते सरसकट पटत नाही. जुलैत तिथली जमीन आधीच काठोकाठ भरलेली असते, आणखी ओतलं तरी ते वरूनच वाहून जातं. उलट १०० चौरस मीटरच्या छपरावर ३,००० मिलिमीटर पाऊस पडला तर तीन लाख लिटर पाणी होतं. त्यातलं एक लाख जरी झाकलेल्या टाकीत किंवा अस्तर घातलेल्या तळ्यात उन्हाळ्यापर्यंत टिकवलं, तर शौचालयांचं पाणी बोअरवरून उतरतं. ज्यांना पुनर्भरण करायचंच आहे त्यांनी ते कमी पावसाच्या भागात, वाळूच्या गाळणीतून करावं. गढूळ पाणी थेट बोअरमध्ये कधीही सोडू नये.

फसलेला बोअर

पहिला बोअर कोरडा गेला तर लाज वाटण्याचं कारण नाही. लाज त्याच्या तोंडावर दगड ठेवून निघून जाण्यात आहे. २००६ साली हरियाणातल्या कुरुक्षेत्र जिल्ह्यात अशाच उघड्या बोअरमध्ये एक लहान मुलगा पडला. जवळजवळ पन्नास तासांनी त्याला जिवंत बाहेर काढलं, सगळ्या देशाने ते टीव्हीवर पाहिलं. त्यानंतरही अशा घटना थांबल्या नाहीत. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिले: कामाच्या पंधरा दिवस आधी लेखी सूचना, कामाच्या जागी फलक आणि कुंपण, केसिंगभोवती सिमेंटचा ओटा, तोंडावर वेल्ड केलेलं किंवा बोल्टने आवळलेलं पोलादी झाकण, आणि सोडून दिलेला बोअर तळापासून वरपर्यंत माती-दगडांनी भरणं. कॅम्पवर तर शहरातली मुलं असतात. अंधारात, काजवे बघत, वर माना करून पळणारी. कोरडा बोअर त्याच दिवशी भरून घ्या, चालू बोअरला त्याच दिवशी झाकण बसवा, आणि गाडीवाल्याच्या पैशांचा शेवटचा हप्ता हे काम डोळ्यांनी पाहिल्यावरच द्या.